बिनआवाजाचा पंखा

"वर बघा ना, आई! येतोय का कसला आवाज?" रिमोट उंचावत सून म्हणाली.

आईंनी वर पाहिले. दिवाणखान्याच्या छताला लाकडी पात्यांचा, पितळी नक्षीचा नवा पंखा फिरत होता. इतका मुकाट, की शंका यावी. पण त्यांना शंका पंख्याची नव्हती. ज्या चिरंजिवांना गळका नळ वर्षभर दिसला नाही, त्यांना एकाएकी अभिरुचीचा साक्षात्कार कसा झाला, याची होती.

"कशाला रे हा थाट?"

"तुझ्यासाठीच गं," मुलगा म्हणाला. "जुन्याच्या खडखडाटात झोप लागायची नाही ना तुला?"

"मी कधी म्हटलं असं? मेला खडखडायचा थांबला की जाग यायची मला."

"घ्या! आता शांतताही सोसत नाही यांना," सून हसली.

आईंचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परक्यांची संभाषणे जोडण्यात गेला होता. कानावर पडले तरी ऐकायचे नाही, हा नोकरीचा धर्म त्यांनी घरातही पाळला. त्या पुण्यकर्मात जुन्या पंख्याचा वाटा मोठा होता. त्या दुपारी दिवाणखान्यातल्या पलंगावर त्या डोळे मिटून पडल्या, आणि बाल्कनीतली कुजबुज शब्दन्‌शब्द आत आली.

"उद्या ते लोक घर बघायला येतायत," मुलगा म्हणत होता. "पंख्याने हॉल कसा भारी दिसतोय बघ."

"आणि आईंचं काय?"

"तिची सोय बघून ठेवलीय. व्यवहार झाला की सांगू. आत्तापासून कशाला रडारड?"

सोय. अडगळीच्या सामानाचीही सोयच बघतात. नवऱ्यामागे हे घर आईंनीच हौसेने मुलाच्या नावावर करून दिले होते. आता कुणापाशी तोंड उघडणार?

दुसऱ्या दिवशी घर बघायला एक जोडपे आले. त्यातली बाई छताकडे बघतच राहिली. "अय्या, चालू आहे हेसुद्धा कळत नाही!" मग तिची नजर पलंगाकडे वळली. "आणि या?"

"आई. आमच्याबरोबरच येणार ना त्या," सून घाईने म्हणाली. मुलगा पंख्याच्या निरीक्षणात गढून गेला.

आई उठल्या. चष्मा सारखा केला.

"पंखा कालच लावलाय, तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "या, स्वयंपाकघर दाखवते."

ओट्यावरच्या खिडकीपाशी त्या थांबल्या. "ही नुसती ओढली की अडते. आधी अशी जरा वर उचलायची, मग ओढायची. हां. आता तुम्ही करून बघा."

आणि त्या बाजूला सरकल्या.