आपाही येते, गाढवही येतं

"आली! आपा आली! माझ्या स्वप्नात आली!"

ट्रॅक्टरवाले जुमाकादिर बाइके, म्हणजे गावाचे दादा, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवतारात नमद्याच्या गोल तंबूतून बाहेर धावले आणि पवित्र झऱ्याकाठच्या गर्दीत एकच कल्ला उडाला. बायका रडायला लागल्या. कुणीतरी आर्चाच्या झुडपाच्या जळत्या फांदीचा धूर त्यांच्या तोंडाभोवती इतका फिरवला, की बाइके आनंदाने रडताहेत की धुराने, काही कळेना.

"मला झोपेतच कळलं हो, की हे स्वप्न आहे! हाताला सहा बोटं दिसली, आणि समोर साक्षात आपा!"

साक्षात उमसुनाय आपा तेवढ्यात तंबूच्या दारात आली. डोक्याला पांढरंशुभ्र पागोटं, आवाज मधात बुडवलेला. "झोपलेला माणूस म्हणजे मेंढरू, बाळांनो. स्वप्नात जो जागा होतो, त्याला मीच जागं केलेलं असतं. पण स्वप्न पहिलं मलाच सांगायचं हं! दुसऱ्या कानात गेलं, की उन्हातल्या मांसासारखं नासतं."

मी हे सगळं फुकटचा तमाशा म्हणून बघितलं असतं. पण त्याच तंबूत माझी नुरझादा एजे, माझी सख्खी मोठी बहीण, एक रात्र झोपली होती. काराकोलच्या नर्सिंग कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला. तिलाही झोपेत कळलं की हे स्वप्न आहे, तिच्याही स्वप्नात आपा आली, आणि आपाने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हिला बोलावणं आलंय. कॉलेज सोडून हिने या झऱ्याची सेवा करायची. नाकारलं, तर घरातलं कुणीतरी अंथरूण धरेल."

आमच्याकडे पवित्र जागेचं बोलावणं ही थट्टेची गोष्ट नाही. भलेभले घाबरतात. त्यात दुसऱ्याच दिवशी आई खोकायला लागली. झालं! एजेने बॅगेतली पुस्तकं काढून फळीवर ठेवली.

"एजे, आईने कालव्याच्या बर्फगार पाण्यात लोकर धुतली. खोकल्याला बोलावणं कशाला लागतं?"

"तू गप्प बस, पेरी. मी झोपलेय हे मला तिथे खरंच कळत होतं. तुला कळलंय कधी?"

नव्हतं कळलं. मग मला बसवेना, जेववेना. शेवटी उचलली गोधडी आणि मीही गेले तंबूत झोपायला.

तिथे काय चालतं? संध्याकाळभर चहाच चहा. प्रत्येक वाटी भरली की आपा टाळी वाजवते आणि सगळे आपापले हात डोळ्यांसमोर धरून विचारतात, "मी जागा आहे की झोपेत?" पहाटे आपा सगळ्यांना हलवून उठवते, तोंडावर पाणी मारायला लावते, म्हणते, "आता मी येते," आणि पुन्हा झोपवते.

मी झोपले. शाळेच्या व्हरांड्यात मेंढ्याच मेंढ्या. हेडमास्तर त्यांची हजेरी घेताहेत. मी सवयीने हात वर केला, तर बोटं सहा! अरेच्चा! हे तर स्वप्न! काय सांगू, अंगातून वीजच गेली. उडी मारली तर छताला टेकले. आणि जिन्यावरून पांढरं पागोटं खाली आलं.

आपा!

माझी पाचावर धारण बसली. म्हणजे सगळं खरंच? एजे आता कायमची इथेच? मग एकदम डोक्यात आलं : ही खरंच आली असेल, तर हिला कानही असतील. मी जवळ गेले आणि तिच्या कानात एक वाक्य सांगितलं.

सकाळी मी भर गर्दीत ओरडले, "आपा, तुम्ही आलात!"

"आले ना, लेकरा. तुझी हाक ऐकली."

"मग मी तुमच्या कानात काय सांगितलं?"

आपाचा मध जरा घट्ट झाला. "मनातलं दुःख सांगितलंस."

"नाही."

"आशीर्वाद मागितलास."

"तेही नाही!"

बाइकेंना राहवेना. "मग सांगितलंस तरी काय, पोरी?"

"हेच, की आपा, तुम्ही आमच्या बोरसोक गाढवावर उलट्या बसला आहात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आपा कडाडली, "स्वप्नातलं बोलणं जागेपणी आणायला मनाई आहे!"

"मग आमची स्वप्नं रोज सकाळी कशाला विचारता? आणि ज्यांना तुम्ही दिसलाच नाहीत, ते कुठे आहेत?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेजारच्या काल्बूबू काकूंनी हळूच हात वर केला. "मी कितीदा झोपले. मला म्हणाल्या, तुझं मन मळकं आहे, कुणाला सांगू नकोस." मग दुसरा हात. मग भराभर हात. सगळ्यांना आपापलं मनच मळकं वाटत होतं!

पण एजे? ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "आपा खोटी असेल. मला जे झालं, ते खोटं नव्हतं."

"नव्हतंच! मलाही झालं ना. आता तेच सगळं कर, फक्त आपाच्या जागी बोरसोक घे."

माझा अख्खा वर्ग या प्रयोगात उतरला. शाळेची घंटा झाली की हात बघायचे. पहाटे आया गायी पिळायला उठल्या की आपणही उठायचं आणि "बोरसोक येणार, बोरसोक येणार" म्हणत परत झोपायचं. काही जणांना काहीच दिसलं नाही. काही जणांकडे गाढव अगदी थाटात आलं. बेक्तेनकडे बोकड आला, म्हणून तो अजून रुसलाय.

आणि एका सकाळी मी शेण काढत होते, तर एजे केस मोकळे सोडून गोठ्याच्या दारात उभी.

"आला होता."

"कोण?"

"बोरसोक. मला कळलं की हे स्वप्न आहे. तितकंच लख्ख, पेरी. तशीच धडधड." तिने ओठ चावला. "त्याने विचारलं, परीक्षा कधी आहे?"

"मग आता गाढवाची सेवा करणार?"

ती हसली, मग रडली, मग शेणाच्या हातांसकट मला मिठी मारली. मग आम्ही कालव्यावर गेलो. आमच्याकडे वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगून टाकतात. एजेने बोलावणं पाण्याला सांगितलं आणि दुपारच्या गाडीने काराकोलला गेली, पुस्तकं मांडीवर घेऊन. आईचा खोकला तोवर लोणी घातलेल्या गरम दुधाने पळाला होता. आपाचा तंबूही पळाला.

यात जादू कुठे आहे? दिवसभर जो प्रश्न विचाराल, तो झोपेतही तोंडात येतो. पहाटे मोडलेली झोप परत लागली, की स्वप्नं उथळ पाण्यातल्या माशांसारखी वरच्यावर पोहतात, पटकन हाती लागतात. आणि ज्याची वाट बघत झोपाल, तो येतो, मग ती आपा असो की गाढव. स्वप्न तुमचं, जाग तुमची. तिसऱ्याने त्यावर हक्क कशाला सांगायचा?

आपाचा तो 'जागा की झोपेत?' हा प्रश्न मात्र मी ठेवून घेतलाय. तुम्हीही घ्या. गर्दी रडायला लागली, धूर फिरायला लागला आणि कुणी म्हणालं, "हे दुसऱ्याला सांगू नकोस," की लगेच आपले हात बघा. बोटं पाच आहेत? मग तुम्ही जागे आहात. जाग्या माणसासारखा हात वर करा आणि मोठ्याने विचारा!