डावीकडचा माणूस

“आणि या किल्ल्या कोणाच्या?” अण्णांनी विचारले.

ताईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिले. पडद्यावर एक स्वयंपाकघर होते. नळ ठिबकत होता आणि त्या थेंबांमागून नायिकेचे नाव पांढऱ्या अक्षरांत सावकाश वर येत होते. किल्ल्या कुठेच नव्हत्या.

“कोणाच्याच नाहीत. घर रिकामं आहे, अण्णा. वातावरणासाठी टाकलाय आवाज.”

“वातावरण दर वेळी डावीकडूनच वाजत नाही, ताई.”

ताई सिनेमे बोलत असत. म्हणजे ज्यांना दिसत नाही अशांसाठी, दोन संवादांच्या फटीत, पडद्यावर काय चालले आहे ते आपल्या आवाजात सांगत. हेच त्यांचे काम, आणि एवढ्या वर्षांत त्याच्यावर त्यांचा जीव जडला होता. अण्णा जन्मापासून अंध. ताईंनी लिहिलेले ऐकायचे आणि कुठे लंगडते ते सांगायचे, ही त्यांची नोकरी. एकदा ताईंनी एका बाईला ‘सुंदर’ म्हटले, तर अण्णांनी ते खोडायला लावले. नाक सांगा, केस सांगा, सुंदर की कसं ते माझं मी ठरवतो, म्हणाले. तेव्हापासून ताईंच्या लिहिण्यातून तो शब्द जो गेला तो गेलाच.

हा सिनेमा गुन्ह्याचा होता. त्याच्या सुरुवातीच्या नामावळीवर दोघे सकाळपासून अडले होते. लोकांच्या लेखी नामावळी म्हणजे खुर्चीत नीट बसून घेण्याचा वेळ. ताईंना मात्र तोच भाग सगळ्यात प्रिय. तिथे कोणी बोलत नाही, सगळी जागा त्यांची. शिवाय त्या म्हणत, हे सिनेमाचे नमन असते. शेवटी जे सांगायचे ते दिग्दर्शक इथेच हात जोडून पुटपुटून घेतो, ऐकणारा हवा. म्हणून त्या नामावळी उलगडून बघत. धुऊन पालथा घातलेला कप. नुकतीच पुसलेली, अजून ओली लादी. पुसून लख्ख केलेली दाराची मूठ. घडी घातलेली चादर. नावे उमटत होती तीसुद्धा या पुसलेल्या जागांवरच, आणि प्रत्येक नाव फडके फिरावे तसे पुसले जात होते. ताईंनी अर्थ लावला होता की गुन्हा होऊन गेला आहे आणि मागे काहीच उरलेले नाही. शेवटचे वाक्य त्यांनी लिहिले होते, ‘घरात कोणी नाही.’ त्यावर त्या स्वतःच खूश होत्या.

अण्णांचे म्हणणे, घरात कोणीतरी आहे. कापड घासल्याचा आवाज येतो, दोनदा किल्ल्या वाजतात, आणि दर वेळी एकाच बाजूने. ताईंनी चित्रफीत पुन्हा लावली. कप, लादी, मूठ, चादर. माणूस नाही. किल्ल्या मात्र वाजल्या, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. ही भीती छान होती, लोक तिकीट काढून घेतात तशी. “तुम्हाला भूत ऐकू येतंय,” त्या हसून म्हणाल्या.

अण्णा हसले नाहीत. “एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखवा,” म्हणाले.

ताईंना ते लागले. दुसऱ्या कोणाला म्हणजे काय?

पण संध्याकाळी घरी त्यांनी लॅपटॉप उघडलाच. लेक पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी आंधळी आहे असं समज आणि दिसतं ते सांग, असे म्हणून ताईंनी तिला मागे उभे केले.

“कप. पालथा आहे. मग लादी,” लेक म्हणाली. “आणि तो माणूस.”

“कुठला माणूस?”

“अगं, तो काय. डावीकडे, भिंतीला टेकून.”

मस्करी पुरे, असे ताई जरा चिडूनच म्हणाल्या.

“मस्करी कसली? प्रत्येक ठिकाणी आहे तो. कप आला की तो, चादर आली की तो. मला तर वाटलं सगळं त्याच्यावरच आहे.” तिने चित्र थांबवले आणि पडद्याच्या कडेला बोट टेकवले. “हा बघ.”

ताईंनी बोटाकडे मान वळवली.

तिथे माणूस होता. राखाडी सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि नजर सरळ त्यांच्यावर. त्यांनी डोळे मधल्या नावाकडे नेले. माणूस गेला. तिथे अंधार नव्हता, डाग नव्हता, भोक नव्हते; भिंतच पुढे चालू राहिली होती, त्याच रंगाची, त्याच सावलीची. बोटाकडे पाहिले, माणूस. नावाकडे पाहिले, भिंत. कोणीतरी त्यांच्या नजरेची कड स्वच्छ पुसून तिथे भिंत रंगवून ठेवली होती, आणि ती इतकी बेमालूम की त्यांना आजवर शंकासुद्धा आली नव्हती.

“काय झालं गं?”

“काही नाही. चष्म्याचा नंबर बदललाय.”

लेक घड्यांकडे वळली. ताई मात्र एकेक आठवू लागल्या. परवा रस्त्यात एक सायकलवाला शिव्या देत गेला होता, कुठून उगवला कळलेच नव्हते. शेजारीण अलीकडे तोंड फिरवते. मी ओळख दाखवली नसेन. अशी किती माणसे आपल्या डाव्या हाताला उभी होती, आणि आपण भिंत बघत होतो? त्यांना आई आठवली. तिला काचबिंदू होता. चहा कपाच्या शेजारी ओतेपर्यंत ती म्हणत राहिली, दिसतं गं मला, सगळं दिसतं. ती खोटे बोलत होती असेच ताईंना इतकी वर्षे वाटले होते. डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते, मुलींनीही दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे. ताई पहिल्या वर्षी गेल्या. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत गेल्या नाहीत. काय सांगतील, या धास्तीने.

सकाळी स्टुडिओत आल्यावर त्यांनी माइक सुरूच केला नाही. गप्प बसणे सोपे होते. माणूस लिहून टाकायचा, मान वळवत बोलायचे, कोणाला कळणार? कळले तर ही खुर्ची जाणार होती. ज्या बाईला अर्धे दिसते तिच्याकडून कोण सिनेमे बोलून घेईल?

“अण्णा, माणूस आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “मला दिसत नव्हता.”

“हं,” अण्णा म्हणाले.

त्यांना अंदाज होता. ते सावकाश, शब्द निवडत सांगू लागले. पूर्वी ताई बोलल्या की खिडकी कुठे, दार कुठे, कोण कोपऱ्यात चुळबुळतोय, सगळे कळायचे. गेले काही महिने त्यांच्या सांगण्यातल्या खोल्या अरुंद होत चालल्या होत्या. सगळी माणसे बोळात उभी असल्यासारखी मधोमध. आधी वाटले, ताई कंटाळल्या असतील. मग या किल्ल्या वाजल्या. अण्णा कोणाजवळ काही बोलले नव्हते.

“फार भीती वाटते हो, अण्णा. तुम्ही कसं…” पुढचे त्यांना विचारवेना.

अण्णा त्यांच्याकडे वळले. “मला नका विचारू, ताई. माझं कधी गेलंच नाही काही. जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, उगाच धीर कसा देऊ? पण दवाखान्यात एकट्या जाऊ नका. मी येतो.”

निघण्याआधी ताईंनी ‘घरात कोणी नाही’ हे वाक्य खोडले आणि मान पुरती वळवून माइकमध्ये बोलल्या, “डाव्या कडेला एक माणूस उभा आहे. तो हलत नाही.” अण्णांनी मान डोलावली.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका काळोख्या खोलीत बसवले. समोर मोठ्या वाडग्यासारखे पांढरे यंत्र, हनुवटी टेकायला आधार, एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. तपासणारी मुलगी गोड होती. नजर मधल्या ठिपक्यावरून हलवायची नाही, कुठेही प्रकाश चमकला की बटण दाबायचं, एवढंच, असे तिने सांगितले.

प्रकाश चमकू लागले. ताई दाबत गेल्या. मग मध्येच काही चमकेना.

यंत्र मात्र थांबले नव्हते. दर ठिणगीआधी ते आतल्या आत बारीक आवाज करत होते, कुर्र. ताईंचा कान तयार होता. त्यांच्या लगेच लक्षात आले. कुर्र झाले की प्रकाश येतो. त्यांना न दिसणारे प्रकाशही येत होते. आवाजाच्या मागोमाग बटण दाबत गेले तर कागदावर दोन्ही डोळे धडधाकट निघतील. लेकीला काही सांगायला नको. खुर्ची राहील. निदान या वर्षापुरते सगळे होते तसेच राहील.

कुर्र.

ओठ आपसूक देवाचे नाव घेऊ लागले. काय मागावे ते मात्र सुचेना. दाराबाहेर बाकावर बसलेले अण्णा खोकले. कुर्र. अंगठा बटणावरच होता.

“बाई, जाग्या आहात ना?” मुलीने हळूच विचारले.

“जागी आहे गं,” ताई म्हणाल्या.

कुर्र. त्यांनी ठिपक्यावरची नजर ढळू दिली नाही, आणि बटणही दाबले नाही.