पांढऱ्याचे दोन ढीग

नीळ. सगळ्या इंझोरीत इब्राहीमच्या दुकानातली, एकाच पुडीची.

धुऱ्यावरची, दोन शेतांच्या बांधावरची बाभूळ. कोणी तोडली, यावर दोन घरांचं अजून जमलेलं नाही.

मंगरूळपीरच्या बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं खोकं. कंडक्टर म्हणाला, "सिलाई मशीन हाय का?" तौसीफ म्हणाला, "नाई. सिलाईच्या आंधीचं."

नागपूरच्या प्रदर्शनातली एक बाई, चष्मा डोक्यावर सरकवून: "कोपऱ्याला कोपरा लागत नाहीये हो तुमचा."

बबनराव गेले त्या सकाळी दोरीवर त्यांचं धोतर वाळत होतं. ते काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

पोलादी पात्याचा चौकोन, धार वर, भोवती स्पंज.

*

तो चौकोन म्हणजे साचा. खोक्यातल्या मशीनचा.

ज्योत्स्ना ही इंझोरीतल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे बाहेरगावी बोलायची वेळ आली की हिला पुढं ढकलायचं आणि काही बिघडलं की हिच्याकडं बोट दाखवायचं. नागपूरच्या त्या बाईचं बोलणं तिला कुसळासारखं टोचत राहिलं होतं. मंगरूळपीरला शिलाई मशीनच्या दुकानात काम करणारा तौसीफ हा गटातल्या लतीफाचा भाचा. तो हे कापड कापायचं मशीन ठेवून गेला. म्हणाला, "वापरून पाहा. पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी येतो. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर उचलून नेतो."

साच्यावर कापडाचे सहा थर मांडायचे, वर प्लास्टिकची जाड पाटी, आणि हँडल फिरवायचं. रोलरखालून पाटी पलीकडं निघाली की सहा चौकोन तयार, एका मापाचे, एका आईची लेकरं असावीत तसे.

नवं कापड हाताशी नव्हतं. भिंतीला लागून गावातली गाठोडी होती, प्रत्येक घराचं वेगळं. गावाची रीत अशी, की ज्या घरचं जुनेर त्या घरच्याच गोधडीत जाणार. उरलेली चिंधीसुद्धा आत भरायची, दुसऱ्या दारी जाऊ द्यायची नाही. ज्योत्स्नाला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनंच नव्या बायकांना दटावून शिकवलं होतं.

तरी त्या दुपारी, लतीफा लग्नाला गेलेली असताना, तिनं सगळी गाठोडी सोडली.

काहून?

सहा थर एकाच घरच्या कापडाचे लावता आले असते. पण तिला संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पुढ्यात सगळ्यांचे ढीग मांडून दाखवायचे होते. तिनं हिशेब लावला: प्रत्येक घराचा एक थर. सगळ्यात वर गोजराबाईचं, खाली भागिरथाचं, त्याखाली बाकीच्यांचं. कापून झालं की जो थर ज्याचा, तो त्याच्या गाठोड्यावर. सोपं होतं. फुलांची पातळं, रेघांचे सदरे, लुगड्यांचे काठ, सगळं ओळखीचं. हँडल फिरत होतं, चौकोन पडत होते. असं सुख तिला कात्रीनं कधी दिलं नव्हतं.

मग पांढरं आलं. गोजराबाईच्या गाठोड्यात तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, बबनरावांचं धोतर होतं, भागिरथाच्या गाठोड्यात तिच्या सासऱ्याचं, रामरावांचं. दोन्ही मऊ पडलेली, दोन्ही निळीतून काढलेली. ती एकावर एक मांडून ज्योत्स्नानं हँडल फिरवलं. पुन्हा मांडली, पुन्हा फिरवलं. धोतरं संपत आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की कधी ती चौकोनांची चवड हातानं वरच्या वर उचलते आहे आणि कधी साचा उलटा करून खाली पाडते आहे. उलटी पाडली की वरचं खाली जातं. रंगीत कापडात त्यानं काही बिघडत नव्हतं.

ती खिडकीशी गेली. एक चौकोन उजेडात धरला, मग दुसरा. नाकाशी नेला. साबण. दुसऱ्यालाही साबणच.

बाभळीचं भांडण झाल्यापासून बबनराव रामरावांच्या आळीनं गेले नव्हते. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर रामरावांना आणलं, तर बबनरावांनी कूस बदलली आणि बदललेलीच ठेवली.

ज्योत्स्नानं सगळे पांढरे चौकोन एकत्र केले आणि दोन ढीग लावले. एक इकडं, एक तिकडं, पत्ते वाटतात तसे. दार लोटलेलं होतं. तरी तिनं मागं वळून पाहिलं.

*

लतीफा शिवायला बसली. "हे पांढरं कोनाचं कोनतं?"

"लावून ठेवलं न. दिसत नाई का?"

"इचारलं फक्त. तोंड कायले वाकडं करतं?"

कोपऱ्याला कोपरा लागला. गोधड्या अशा झाल्या, की घडी घातली तरी रेघ मोडत नव्हती. भागिरथा आपली घेऊन जाताना म्हणाली, "आमच्या मामाजीच्या धोतराले येवढा मान कधी भेटला नव्हता वं. आता त्याईले म्हनतो, दुसरं बी द्या काढून."

"अंगावरचं नोको मागू," लतीफा म्हणाली.

गोजराबाई आली तेव्हा ज्योत्स्ना आत चहा ठेवायला गेली. चहा कोणी मागितला नव्हता. आतून तिला म्हातारी दिसत होती. गोजराबाईनं गोधडी मांडीवर पसरली, एकेका पांढऱ्या चौकोनावरून तळहात फिरवला, मग खाली वाकून नाक टेकवलं.

"त्याईचा वास येते वं, लतीफा. तंबाखूचा."

ज्योत्स्नाच्या पुढ्यातलं चुलीवरचं दूध उतू गेलं. त्यानंतर गोजराबाई रस्त्यात दिसली की ती एखाद्याच्या अंगणात वळायची, काम नसताना.

*

बाजाराच्या दिवशी तौसीफ आला. ज्योत्स्नाच्या ओसरीवर बायका जमल्या. मशीन मधोमध.

ज्योत्स्नानं ठरवून ठेवलं होतं: नको म्हणायचं. कारणं तिनं पाठ केली होती. कापडाचा विरलेला भाग कात्री चुकवून जाते, साचा नाही चुकवत. एका साच्यातून एकच माप निघते. चौकोनांच्या मधलं उरलेलं जाळं वाया जाते. सगळी कारणं खरी होती. म्हणून तर ती चांगली होती.

"मले वाटते परत करावं," ती म्हणाली आणि कारणं सांगितली.

"जाळं वाया कुठं जाते? आपुन आत भरून राह्यलो न," लतीफा म्हणाली. "आन् नव्या कापडाले तर हे सोनं हाय. पहिले तूच नाचत होतीस."

"मी काई नाचली नाई."

"नागपूरले जाऊन त्या बाईच्या डोक्यावरचा चष्मा खाली पाडतो म्हने."

बायका हसल्या. तेवढ्यात गोजराबाई उठली. काखेतली गोधडी तिनं मशीनवरच पसरली. "मी बुढी मानूस, मले समजत नाई. पन हे पाहा. डोळे मिटून बोट फिरवा, कुठं अडकते का? माह्या घरच्याच्या कपड्याची अशी गोधडी झाली. रोज उशाशी घेऊन निजतो मी. ठेवून घे पोरी मशीन. लोकाईचं बी असंच होऊ दे."

ज्योत्स्नाला वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं की विषय संपेल, मशीन राहील, म्हातारी झोपेल. पण गोजराबाई तिच्याकडं पाहत होती. शाळेत बक्षीस मिळालेल्या लेकराकडं पाहावं तसं.

"काकू," ती म्हणाली, "या पांढऱ्यातलं कोनतं काकाजीचं, मले माईत नाई."

"म्हंजे?"

"रामरावकाकाचं धोतर बी त्याच्यात मिसळलं. मी सारे थर एकत्र लावले होते. मंग अंदाजानं वाटले."

भागिरथानं पदर तोंडाशी नेला. गोजराबाईनं गोधडीवरचा हात उचलला, अलगद, जागं होऊ नये अशा कुणाच्या अंगावरून उचलावा तसा.

"मंग इतके दिवस मी कोनाले उशाशी घेऊन निजून राह्यली?"

मागं बसलेल्या एकीला हसू फुटलं. ते दाबायला गेली आणि नाकातून आवाज निघाला. मग दुसरीला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण हसू आलं ते आलं. म्हातारीचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. तो आधीच डोक्यावर होता.

ज्योत्स्नाला कळलं, आपण ओझं उतरवलं, पण चुकीच्या माणसाच्या डोक्यावर. हे तिला गोजराबाईच्या घरी, दार लावून, एकटीला सांगता आलं असतं. कितीतरी दुपारी गेल्या होत्या त्यासाठी.

"काकू, मी उसवून दुसरी..."

"दुसरं धोतर हाय का तुह्यापाशी त्याईचं?"

नव्हतं. गोजराबाई पायऱ्या उतरली, चपला चाचपल्या, गेली. गोधडी मशीनवर राहिली. तिला हात कोण लावणार? भागिरथानं शेवटी घडी घातली आणि कुठं ठेवावी हे न कळून मांडीवर धरून बसली.

तौसीफनं विचारलं, "मग ताई, ठेवू का नेऊ?"

सगळ्यांनी ज्योत्स्नाकडं पाहिलं. ती खाली पाहत होती, तिथं फरशीवर पांढरा धागा होता.

लतीफाच बोलली. "ठेव. मशीननं काई केलं नाई. नवं कापड यावर, गाठोडी हातानं." मग ज्योत्स्नाला, हळू, "आन् हँडल मी फिरवत जाईन."

ज्योत्स्नानं मान हलवली. अध्यक्षाची एवढीच मान त्या दिवशी लागली.

*

गाठोडं आणून दिलं त्या दिवशी गोजराबाई म्हणाली होती, "धोतर फाडशीन तवा मले बलावजो, एक टोक मी धरीन," आणि ज्योत्स्ना हो म्हणाली होती.