बिळात ओतलेलं पाणी

"पाण्याचा कॅन आण गं गाडीतून. मोठावाला," कॅमेऱ्यावरून डोळा न काढता देवदत्त म्हणाला.

सकाळपासून उन्हात पालथा पडलाय, घशाला कोरड पडली असेल, म्हणून रेणूने गॅलनचा कॅन उचलून आणला. सोबत ग्लासही आणला.

साउथ डकोटाचं ते माळरान प्रेअरी डॉगच्या बिळांनी भरलेलं होतं. घुशीएवढे, पण गोजिरवाणे प्राणी. आफ्रिकेतल्या मुंगसासारख्या मीरकॅटप्रमाणेच मागच्या दोन पायांवर उभे राहून टेहळणी करणारे. देवदत्तला खरं तर आफ्रिकेत जाऊन रानातल्या मीरकॅटचे फोटो काढायचे होते. ही रंगीत तालीम. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या घरून आदला दिवसभर ड्राइव्ह करून ते इथे आले होते. त्याच्या छंदापायी रेणूने इतकी वर्षं डबे भरले, ट्रायपॉड वाहिले, तेही हौसेने. एखादं पाखरू बिचकू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेणारा आपला नवरा, याचं तिला फार कौतुक होतं.

देवदत्त उठला. ग्लासाकडे त्याने बघितलंही नाही. कॅन घेऊन सरळ समोरच्या बिळात उपडा केला.

"अरे, काय करतोयस?"

"शू! पिल्लं आत आहेत. आता आई त्यांना बाहेर काढेल बघ. लाइट परफेक्ट आहे यार."

आई आली. चिखलाने माखलेली, तोंडात पिल्लू धरलेली. ते गवतात ठेवून ती पुन्हा आत शिरली. पिल्लू हललं नाही. फ्रेममध्ये येत होतं, म्हणून देवदत्तने ते बुटाच्या टोकाने बाजूला सारलं आणि परत आडवा झाला. ती दुसरं घेऊन वर आली तेव्हा कॅमेरा खटाखट वाजत राहिला.

"मिळाला!"

मग त्याच हातांनी त्याने डबा उघडून थालीपीठ मोडलं. गाडीमागे जाऊन रेणू भडाभडा ओकली.

"ऊन लागलं तुला," तो घास चावत म्हणाला.

त्यानंतर त्याच्या हातचा चहासुद्धा तिच्या घशाखाली उतरेना. "तो फोटो कुठे लावू नकोस," एवढंच तिने सांगून पाहिलं. "असं सगळेच फोटोग्राफर करतात गं," तो म्हणाला.

सप्टेंबरात मराठी मंडळाच्या प्रदर्शनात फोटो मोठ्या फ्रेममध्ये भिंतीवर लागला. खाली नाव: 'माया'. मंडळातल्या लताकाकू फोटोसमोर उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

"किती वाट बघितली असशील रे, देवदत्त!"

"पेशन्स लागतो, काकू," त्याने नम्रपणे मान झुकवली.

रेणू पुढे झाली.

"पेशन्स नाही, काकू. यानं बिळात गॅलनभर पाणी ओतलं. प्यायला हवंय असं समजून कॅन मीच दिला. एक पिल्लू मेलं. ते बुटाने सारून हा फोटो काढलाय."

"रेणू, जस्ट स्टॉप!" देवदत्त हसून इकडेतिकडे बघू लागला. कुणीच हसलं नाही. काकूंनी डोळ्यांतलं उरलेलं पाणी घाईघाईने पुसून टाकलं, अंगावर काही घाण उडावी तसं.

प्रदर्शन संपल्यावर फोटो उतरवायला देवदत्तला कुणी हातभार लावला नाही. पार्किंगमध्ये ती भलीमोठी फ्रेम काही केल्या गाडीत बसेना.

"पुढची सीट पाडावी लागेल. तू मागे अ‍ॅडजस्ट होशील?" त्याने खाली बघत विचारलं.

रेणूने स्वतःच सीट आडवी केली. एक बाजू धरून फ्रेम अलगद आत सरकवली, दार लावलं. मग ओढणीला हात पुसत ती चालत गेली आणि लताकाकूंच्या गाडीत जाऊन बसली.