शालूबाईच्या चपलेचा तरंग

मी एक जुना तरंग आहे. गळाच्या दोरीला बांधून पाण्यावर सोडतात, तो. खाली मासा गळाला लागला की मी बुडतो आणि काठावर बसलेल्या माणसाला ते कळतं. बुडलो की शाबासकी आणि तरंगत राहिलो की शिव्या, असा माझा धंदा.

त्याआधी मी चप्पल होतो. अख्खी नाही, फक्त टाचेचा तुकडा. मित्रांनो, हसू नका. डॉक्टरसुद्धा जन्मतःच डॉक्टर नसतात.

कान्हे गावच्या शालूबाईच्या डाव्या पायात एक निळी रबरी चप्पल असायची. एकदा परंदवडीहून तिचा भाऊ आला होता. चहा दोनदा उकळला, तरी नवरा नदीवरून येईना. शेवटी ती स्वतःच काठावर गेली. नवरा, म्हणजे गेणूआबा, गळ टाकून, तोंड उघडं ठेवून बसले होते. तिने चप्पल काढली आणि फेकली. नेम चुकला. चप्पल आबांच्या डोक्यावरून इंद्रायणीत पडली. शहाणा माणूस अशा वेळी पळाला असता. आबा पाण्याकडे बघत राहिले.

"अगं, काय तरंगती!"

"मी तुमाला मारलीय ती."

"व्हय, पन तरंगती काय झ्याक!"

काठीने चप्पल ओढून त्यांनी विळ्याने तिच्या टाचेतून जुन्या रुपयाएवढा गोल कापला. तो गोल म्हणजे मी. उरलेली चप्पल त्यांनी फार आदराने परत दिली.

"दुसरी बी कापा," शालूबाई म्हणाली, "अन् माळ करून घाला गळ्यात."

पण भोकाची चप्पल तिने टाकली नाही. पट्टे बदलून तीच वापरली. पावसाळ्यात चिखलात तिचा पाय उमटला की टाचेच्या जागी एक गोल उंचवटा दिसायचा. तो बघून बाया सांगायच्या, शालूबाई गिरणीला गेली.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. मरळ, खवली, सगळ्यांसाठी मी बुडलो. पण घरात मान होता तो शिंगट्याला. शिंगटा म्हणजे मिशा असलेला, पाठीवर काटा बाळगणारा, बघायला रागीट आणि चवीला गोड मासा. शालूबाईचंही बरंचसं तसंच होतं. आबांनी कितीही मोठा शिंगटा आणला तरी ती म्हणायची, "एवढासाच?" मग खोबरं भाजून कालवण करायची. कालवण चांगलं झालंय असं ती कधी म्हणाली नाही, पण माशाचं डोकं तिने कधी दुसऱ्या कुणाच्या ताटात जाऊ दिलं नाही.

आता एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. आबांच्या घरात चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा खायला मोकळं. आणि त्याच दिवशी गळ डोहात जातो. त्यानंतर होळीपर्यंत उथळ पाण्यात गळ टाकायचा नाही. आबांच्या आज्याने घातलेला नियम. आज्याच्या वेळी चंपाषष्ठीपर्यंत हातपाय वाकडे होण्याइतकी थंडी पडायची आणि मासे डोहात जायचे, म्हणून त्याने तो घातला असणार. पुढे कारण गळून गेलं आणि नियम देवाचा झाला. दर वर्षी काठी, दोरी आणि मला देवळात नेऊन भंडारा लावत. देवळात जाताना लोक चपला बाहेर काढतात. मी एकटाच असा, ज्याला आत नेऊन हळद लावली.

यंदा दिवाळीनंतर शालूबाई अंथरुणाला खिळली. तळेगावच्या डॉक्टरांनी आकाशला, म्हणजे आबांच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता त्या जे मागतील ते द्या. मोठ्या माणसांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो, तो तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. शालूबाई काहीच मागत नव्हती. पेज ढकलायची, दूध ढकलायची. एका सकाळी मात्र म्हणाली, "नदीचा शिंगटा आना. त्याच्या कालवनात भात कालवून खाईन."

आबा चहा टाकून उठले. घरात बऱ्याच दिवसांनी कुणालातरी काम मिळालं होतं.

चंपाषष्ठीचं भरीत होऊन गेलं होतं. गळ डोहात पडला. मी तरंगत राहिलो.

मित्रांनो, यंदा थंडी आलीच नाही. म्हणजे आली, पण पाहुण्यासारखी, चप्पल न काढता दारातूनच बोलून गेली. लोणावळ्याला गारठायला आलेली माणसं अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खाऊन परत गेली. आणि अशा सौम्य थंडीत नदीत काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण मी अर्धा पाण्यात असतो.

मासा थंड रक्ताचा. पाणी जरा गार झालं की त्याची भूक मंदावते, खाल्लेलं पचायला वेळ लागतो. कडाक्याची थंडी असेल तर सगळे डोहाच्या तळाशी एका जागी दाटीने बसतात आणि तिथं गळ सोडला तर त्यांतला एखादा तरी चुकतोच. यंदाची थंडी भूक मारण्याइतकी होती, पण मासे गोळा करण्याइतकी नव्हती. ते नदीभर पांगलेले. पाऊस जाऊन महिने झालेले, धार बारीक, पाणी नितळ, त्यामुळे दोरी लांबूनच दिसायची. किडे अजून मेले नव्हते, मग लोखंडावरचं गांडूळ कशाला खायचं? एखादा यायचा, गळाला ओठ लावायचा आणि निघून जायचा. फक्त दुपारी ऊन चढलं की घाटाजवळचं उथळ पाणी तापायचं आणि तेवढा वेळ मासे तिकडे चरायला जायचे. आबा डोहावर, मासे घाटावर. दोघंही वेळेवर हजर, फक्त जागा वेगळ्या.

घाटावर सरूबाई धुणं धूत असायची. तिने एकदा हाक मारली, "आबा, हितं या! पायाला झोंबाय लागल्यात मासं. शिंगट्याचा काटा लागता लागता राहिला!"

"भरीत झालंय," आबा म्हणाले.

"मासं कुटं भरीत खात्यात?"

आबांच्या शेजारी त्यांचा जुना सोबती हनुमंत बसला होता. तो म्हणाला, "गेणूभाऊ, ती खरं बोलती. थंडीच न्हाई तर डोहात काय हाय? तू अन् मी."

आबांनी दोरी ओढली, गांडूळ बदललं आणि मला परत त्याच जागी टाकलं.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी चपलेचा तुकडा. चपलेचं ऐकतात ते फक्त डोक्यात बसल्यावर, आणि माझा तर नेम तेव्हाच चुकला होता.

आकाशने कामशेतच्या बाजारातून मासा आणला. सून तेजलने मन लावून कालवण केलं, सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं, घास पुढे केला. शालूबाईने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"ह्याला बर्फाचा वास येतोय."

"आई, नदीचाच आहे," तेजल म्हणाली.

"व्हय का? मंग म्हातारा असा चोरावानी का उभाय?"

आबा दारात रिकाम्या हाताने उभे होते. मी त्यांच्या खिशात, ओला. तेजल ताट घेऊन आत गेली तेव्हा शालूबाई म्हणाली, "सरूबाई सांगून गेली मला. घाटावर मासं हायेत. तुमी डोहात काय करताय?"

"भरीत झालंय गं."

"माजा आजार काय पंचांग बघून आलाय व्हय?"

आबा खाली बसले. मला वाटलं होतं, माणूस हट्टी आहे. तसं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "आजवर कदी मोडला न्हाई. आत्ताच देवाचा नेम मोडला, अन् तुला काय झालं तर?"

 या वेळी फेकायला शालूबाईच्या पायात चप्पल नव्हती.

"मला आनी काय व्हायचं राहिलंय?" ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून झोपली.

दुसऱ्या दिवशी आबा नदीवर गेले. फाट्यावर थांबले. डावीकडे घाट, उजवीकडे डोह. बराच वेळ थांबले. मी खिशातून त्यांची छाती ऐकत होतो. मग ते उजवीकडे वळले. आकाश त्यांना बोलवायला पळत आला, तेव्हा मी डोहावर तरंगत होतो. छान तरंगत होतो. झ्याक.

शालूबाईचा दहावा घाटावर झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, "चला, बाईंची काही इच्छा राहिली नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पिंडाचा भात पाण्यात सोडला आणि घोट्याएवढ्या पाण्यात मासे आले. एकामागून एक, मिशा हलवत. शिंगटे. भात संपला तरी जाईनात, आबांच्या पायांशी घोटाळत राहिले. सरूबाईने पदर तोंडाला लावला. हनुमंत नदीपलीकडे बघत होता.

आबा वाकले. हातांनीच एक धरता आला असता. त्यांनी फक्त पाण्यात हात बुडवला. म्हणाले, "एवढासाच." आणि हात पुसला.

घरी सुरजने, त्यांच्या भाच्याने, शालूबाईचं सामान कुणाला तरी देऊन टाकायला एका पोत्यात भरलं होतं. आबांनी पोत्यातून डावी चप्पल काढली. दोरी दाताने तोडून मला सोडवलं आणि चपलेच्या टाचेतल्या भोकात बसवलं. मी बसलो, पण वर आलो. चप्पल वर्षानुवर्षं त्या घरासाठी चालून चालून कागदासारखी झिजली होती. मी पाण्यावर पडून होतो, म्हणून तसाच जाडजूड. आबांनी अंगठ्याने दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. मग मला आणि चपलेला त्यांनी एकाच खिळ्याला टांगलं.

परवा थंडी पडली. कडाक्याची. हनुमंत दारातून सांगून गेला की डोहात मासे गोळा झालेत. आबा बसल्या जागचे उठले नाहीत.

मित्रांनो, नियम पाळा, मोठ्यांचं ऐका, सगळं करा. पण नदीवर जाल तेव्हा आधी पाण्यात पाय घालून बघा. ते आज कसं आहे हे तुमच्या आज्याला ठाऊक नव्हतं. आणि घरात कुणी काही मागितलं, तर त्याची भूक आहे तोवर आणा. भूक गेल्यावर मासे घोट्यापर्यंत येतात.