वजीर मेल्याची नोंद

विजयमालानं वासरू असल्यापासून वाढवलेला वजीर बैल धैर्यशीलनं लाटला, तोही दिवसाढवळ्या, गावाच्या डोळ्यांदेखत. गावानं काय केलं? तंबाखू मळली.

झालं होतं असं. कवठे महांकाळच्या बाजूला शर्यतीच्या बैलांची जी संघटना होती, तिनं सगळी नोंदणी ऑनलाइन केली. पूर्वी बैल कुणाचा हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आता ते कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरला विचारायचं होतं. विजयमालाचा नवरा आकाराम सैन्यात, सीमेवरच्या चौकीत; त्याच्या फोनला आठ-आठ दिवस रेंज नसे. तिच्या साध्या फोनवर ते अ‍ॅप चालेना. तेव्हा आकारामचा जिगरी दोस्त धैर्यशील म्हणाला, "वहिनी, माझा नंबर टाका. नंबर कुणाचा का आसंना, बैल तुमचाच हाय." अर्ध्या गावानं असंच त्याच्या नंबरवर भागवलं होतं. फौजीच्या घरात दोस्ताच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही.

वर्षभरात वजीर शर्यतीची दोन मैदानं मारून बसला. धैर्यशीलनं त्याला सरावाला म्हणून नेलं आणि परत आणलंच नाही. मालक बदलायचा ओटीपी त्याच्याच फोनवर आला, त्यानंच तो टाकला. काम फत्ते.

विजयमाला संघटनेच्या अध्यक्षाकडे, जयराजकडे गेली. त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला.

"ह्यात धैर्यशीलचं नाव हाय, ताई."

"आवं, तुमी सवता माझ्या दावणीला बैल बघून गेलाय."

"गेलो आसंन. पर आता सिस्टीम म्हणंल त्ये खरं. आमच्या हातात काय न्हाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजीर हवाच होता, पण आता धैर्यशीलचं तोंड काळं झालेलंही बघायचं होतं, आणि ते चारचौघांत.

पुतणी संयोगिता कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिच्या फोनवर दोघींनी ते अ‍ॅप पानोपान धुंडाळलं. मालक बदलायला ओटीपी, पत्ता बदलायला ओटीपी. बैल मेल्याचं कळवायला मात्र फक्त कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि एक फोटो लागत होता. मरणाबद्दल खोटं कोण बोलेल, असं अ‍ॅप करणाऱ्याला वाटलं असावं. बिचाऱ्यानं विजयमालाला पाहिलं नव्हतं.

बिल्ल्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. वजीर उन्हात पाय ताणून, मान टाकून निजायचा, तसा एक फोटोही घरात होता. तरी तिनं घाई केली नाही. मोठं मैदान येईपर्यंत महिनाभर दात-ओठ खात थांबली. मैदानाच्या सकाळी गाड्यांच्या नावनोंदण्या उरकल्या, आणि मग तिनं संयोगिताला सांगितलं, "आता दाब."

वजीर फायनलला सुसाट पळाला आणि धैर्यशीलची गाडी पहिली आली. गुलाल उधळला, पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. बक्षिसाआधी बैलाचा बिल्ला तपासायचा नियम होता. जयराजनं तो तपासला आणि पुन्हा तपासला. स्पीकर चालूच होता. सगळ्या मैदानानं ऐकलं, "ह्यो बैल सकाळी मेलाय."

लोक पोट धरून हसले. समोर वजीर फुरफुरत उभा, आणि धैर्यशील गुलालानं माखल्या तोंडानं ओरडतोय की बैल जिवंत आहे. जयराज सिस्टीमच्या बाहेर जाईना, आणि जाणार तरी कसा? बक्षीस दुसऱ्या गाडीला गेलं. गर्दीच्या कडेला उभी राहून विजयमालानं ते सगळं पोटभर पाहिलं. इतकं गार तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धैर्यशील वजीरला घेऊन तिच्या दारात आला. आता वजीरला कुठलं मैदान घेत नव्हतं, बाजारात विकताही येत नव्हता.

"वहिनी, ज्या फोनवरनं मेला म्हणून कळवलंय, तिथनंच जिता करता येतंय. तेवढं करा. लगेच तुमच्या नावावर करतो. शब्द देतो."

"मागं दिलता की शब्द."

"मग बैल कायमचा बसंल. त्याचं पळायचं वय हाय."

"बसू दे."

कासरा तिच्या हातात टाकून तो खाली मान घालून निघून गेला. त्यानंतर पारावर तो कुणाला दिसला नाही. वजीरला तिनं पेंड चारली, अंगावरून हात फिरवला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावी मैदान भरलं, तिकडचा स्पीकर ऐकून वजीर दिवसभर खुरांनी माती उकरत राहिला. ती तिथंच बसून होती.

आकारामचा फोन आला. दिवाळीला रजा मंजूर झाली होती; वजीरला पळताना त्यानं अजून एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं.

"मग जिता कर की. एक बटन दाबायचं."

"दाबलं की त्यो पुन्ना त्याच्या नावावर."

"धैर्यशील देतो म्हणतोय न्हवं?"

"माझा इस्वास न्हाई."

मग त्यानं विचारलं, "विजे, तुला वजीर पायजे हुता, का धैर्यशीलचं नाक कापायचं हुतं?"

विजयमाला खोटं बोलली नाही.

"आदी वजीर पायजे हुता."