बसा हो बाबा

"बाबा, ठेवा तो कप! तुम्ही बसा."

सूनबाईनं माझ्या हातातला उष्टा कप असा हिसकावला, जसा काही मी तो चोरूनच नेत होतो. मी बसलो. या घरी आल्यापासून मी बसलोच आहे. पाणी हवं? बसा, आणते. दार वाजलं? बसा, मी बघते. पोरगी गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. भांडायचं तरी कोणाशी?

मी बस कंडक्टर होतो. उभी हयात उभ्यानं काढली. गच्च भरलेल्या गाडीत, ड्रायव्हर कचाकच ब्रेक मारत असताना, दांडा न धरता तिकिटं फाडली. त्याच पायांना आता सोफ्यावरून उठायचं तर आधी विचार करावा लागतो. डोक्याचंही तेच. परवा वार कोणता ते आठवेना. आठवून तरी काय करणार होतो म्हणा!

बायको गेल्यावर मुलानं मला इथं आणलं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अंगावर येणारा. तिची किल्ली मात्र मी खिशातून काढली नव्हती.

त्या सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, किल्ली द्या. खोलीला भाडेकरू मिळालाय."

"नाही देत. मी चाललोय तिथं राहायला."

तो हसला. मग माझ्या पायातल्या चपला दिसल्या तसा हसायचा थांबला. "काहीतरीच काय! त्या जिन्यावर पडलात म्हणजे?"

"पडलो तर पडलो. इथं बसून बसून गंज चढलाय, त्याचं काय?"

सूनबाई रडकुंडीला आली. "आमचं काही चुकलं का, बाबा?"

"तुझं काही चुकलं नाही गं. तू सगळंच करतेस, माझ्यासाठी काही उरतच नाही." मी पिशवी उचलली. "निदान माझा कप तरी मला विसळू द्यायचा होतास."

शेवटी पिशवी घेऊन मुलगा बरोबर आला. पहिल्याच मजल्यावर माझे गुडघे कुरकुरायला लागले.

"थांबायचं का?" त्यानं विचारलं.

"तू थांब. मी होतो पुढे."

दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरला, खोटं कशाला बोलू? पण मागून धापा ऐकू येत होत्या त्या त्याच्या. दिवसभर ऑफिसात खुर्ची उबवतो, दुसरं काय होणार!

"चला, पुढे सरका!" मी माझ्या जुन्या आवाजात ओरडलो. जिना दणाणला. वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून पाहिलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

कुलपाशी मात्र अडलं. किल्ली काही केल्या आत जाईना. मुलानं हात पुढे केला. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात मागे घेतला आणि खिशात घालून उभा राहिला. मला वेळ लागला. त्यानं लागू दिला.

दार उघडलं. आत धूळ, कोंदट वास, खिडकीशी बायकोची खुर्ची. ती तिथं बसून माझी वाट बघायची.

मुलानं रुमालानं खुर्ची पुसली आणि सवयीनं म्हणाला, "बसा, बाबा."

"एकच खुर्ची आहे," मी म्हणालो. "पाहुण्यांनी बसायचं."

तो बसला. मी झाडू शोधायला लागलो.